ह्यांचा थांबा

आमच्या घराण्याला एक बसथांबा चिकटलेला आहे. कुणाच्या घरात एखादा पळून गेलेला काका असतो, कुणाकडं जन्मभर कोर्टात खेटे घालणारी आत्या असते. आमच्याकडं थांबा. ओळख करून देताना लोक ह्यांचं शिक्षण सांगत नसत, हुद्दा सांगत नसत. आवाज जरा खाली आणून म्हणत, "पाच रस्त्यांच्या चौकातला तो थांबा माहितेय ना? तो ह्यांचा."

आमचे हे बस कचेरीत होते. बस चालवायला नव्हे, ती कुठं थांबावी हे ठरवायला. टेबल, खुर्ची, भिंतीवर शहराचा भलामोठा नकाशा आणि त्यात टोचायला डबीभर टाचण्या. चौकातला जुना थांबा पुढं शाळेच्या भिंतीपाशी होता. तिथं कुणाला त्रास नव्हता, हाच बहुधा त्याचा दोष. ह्यांनी विचार केला की पाचही रस्त्यांनी येणाऱ्या माणसाला कमीत कमी चालावं लागलं पाहिजे. म्हणून तो उचलून चौकाच्या अगदी गळ्याशी आणला. नकाशावर फार सुंदर दिसत होता, मी स्वतः बघितलाय. पण नकाशावर बस म्हणजे टाचणी. टाचणीच्या मागं टाचण्या खोळंबत नाहीत. रस्त्यावर मात्र बस थांबली की मागची वाहनं वळसा घालून पुढं घुसत, समोरून येणारी त्यांच्या तोंडावर येत, आणि सगळ्यांची नाकं एकमेकांना टेकली की जो तो हॉर्नवर हात ठेवून निवांत बसे.

वर भांडून ह्यांनी तिथं एक बाकही मिळवला होता. तो मावळतीकडं तोंड करून बसवला. दुपारनंतर त्यावर बसलं की ऊन थेट डोळ्यांत. त्यामुळं सकाळी बाकावर जागा नसे आणि दुपारी माणूस नसे. पण बाक आहे, ही गोष्ट खरी.

त्या थांब्यापायी मी काय काय ऐकलंय ते माझं मला ठाऊक. एकदा टॅक्सीत बसले होते. चौकात अडकलो. टॅक्सीवाला मागं वळून म्हणाला, "बाई, ज्यानं हा थांबा इथं ठेवला ना, त्याला घरी कुणी विचारत नसणार." मी म्हटलं, "असेल बाबा." दुसरं काय म्हणणार? ह्यांच्यापाशी कुणी विषय काढलाच तर ह्यांचं उत्तर ठरलेलं असे. "तो थांबा समजायला जरा दुरून बघावं लागतं." लोक म्हणत, दुरूनच बघतोय, जवळ जाताच येत नाही.

तर ही गोष्ट त्या थांब्याची. खिशाखिशात फोन येण्याआधीची. हे निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती.

माझी धाकटी बहीण, माझ्या पाठची, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. ती नवऱ्यासह लेकीकडं परदेशी निघाली होती, कायमची. "मध्ये मध्ये येईन गं," असं म्हणत होती. पण घरातली भांडी वाटून टाकलेली बाई मध्ये मध्ये येत नसते, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. जायच्या आधी चार दिवस तिच्याकडं जाऊन राहायचं ठरलं होतं, तर नेमकी मी तापानं पडले. उठून बसले तेव्हा एकच दिवस उरला होता, तिच्या जाण्याचा. विमान संध्याकाळचं, ती घरून दुपारी निघणार. तिचा फोन आदल्या दिवशीच कापून नेला होता. म्हणजे गेले तर भेट, नाही तर नाही.

अंथरुणात पडल्या पडल्या मी तिच्यासाठी स्वेटर विणत होते. जांभळा, तिकडच्या थंडीला. अंग झालं, गळा झाला, एक बाही झाली. दुसरी कोपरापर्यंत आली होती.

"अर्ध्या बाहीचाच ठेवा की," खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई म्हणाली.

"अहो, पण एक पूर्ण झालीय ना."

"मग ती उसवा."

समोरच्या घरात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांच्याकडं कुणी सल्ला मागायला जात नसे, म्हणून ते स्वतः घेऊन येत. ते म्हणाले, "टॅक्सी करा. सकाळी निघा. आणि त्या चौकातून जाऊ नका." एवढं बोलून त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी वर्तमानपत्र उंच धरलं.

सल्ला चांगला होता. पण आमच्या घरात त्याच आठवड्यात पास आला होता.

पासाची हकिकत सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. निवृत्त माणसाला बायकोसह शहरभर बसनं फिरायचा जोडीचा पास मिळतो, असं कचेरीनं जाहीर केलं. ह्यांना पैशाचं काही नव्हतं. पण इतक्या वर्षांनी कचेरीनं आठवण काढली, याचंच ह्यांना भरून आलं. आम्ही गेलो. खिडकीतला कारकून म्हणाला, "दोघांचा एकत्र फोटो लागेल, एकाच चौकटीत." फोटो काढला. हे असे उभे राहिले की आमच्या दोघांच्या मधून एक सायकल गेली असती. कारकुनानं फोटो परत केला. "हे दोघं एकत्र वाटत नाहीत, काका." दुसरा काढायला गेलो. फोटोवाला म्हणाला, "काका, सरका की जवळ, काकू काही चावत नाहीत." हे सरकले, मी दचकले आणि माझे डोळे मिटले. तोच फोटो पासावर लागला. बस कचेरीच्या दफ्तरात मी कायमची झोपलेली आहे.

पासावर खाली छापलं होतं: पत्नीने पासधारकासोबतच प्रवास करावा. ते वाचून मला हसू आलं. आमच्या ह्यांना रस्त्यानं बायकोबरोबर चालायची सवय नाही. हे पुढं दहा पावलं, मी मागं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून मी ह्यांना मागूनच ओळखते.

"टॅक्सी करू या," मी सकाळी म्हटलं.

"दोन बस," हे म्हणाले. ह्यांनी कोट चढवला होता. कचेरीचा, करड्या रंगाचा. "इथून बाजारापर्यंत एक, तिथून दुसरी. टॅक्सीला लागतो तेवढाच वेळ. सगळं वेळापत्रक माझ्या डोक्यात आहे."

डोक्यात होतं ते खरंच. फक्त ते निवृत्तीच्या दिवशी डोक्यात बंद झालं होतं.

आम्ही कोपऱ्यावरच्या थांब्यावर उभे राहिलो. खांब होता, खांबाला पाटी होती. बस येत होत्या आणि आमच्यासमोरून न थांबता जात होत्या. हे प्रत्येक बसकडं शाळा चुकवणाऱ्या मुलाकडं बघावं तसं बघत होते. दीडेक तासानं खांबाला पिशव्या अडकवून बसलेली भाजीवाली म्हणाली, "आजी, इथं कुठली बस थांबतीय? थांबा कधीच हलला पुढं."

"पाटी आहे ना," हे म्हणाले.

"पाटी आहे. मी पिशव्या लावते तिला."

"असं कसं? पाटी आहे तोवर थांबा आहे."

"मग उभे राहा," भाजीवाली म्हणाली. "मला सोबत होईल."

मी पुढं चालायला लागले. हेही आले, आणि थोड्याच वेळात माझ्या पुढं दहा पावलं झाले.

नव्या थांब्यावर तासाभरानं बस आली ती माणसांनी फुटायला आलेली. लोंढ्यानं मला पुढच्या दारातून आत ढकललं आणि ह्यांना मागच्या. एक पाय माझा होता, दुसरा कुणाचा होता कळत नव्हतं. पिशवीतून सुया टोचत होत्या, त्या मलाच टोचत होत्या एवढं बरं. कंडक्टर आला.

"तिकीट, काकू."

"पास आहे. मागं आहे. ह्यांच्याकडं."

"ह्यांच्याकडं म्हणजे कुणाकडं?"

"ते बघा ना, चष्मा आणि टक्कल."

कंडक्टरनं मान उंच केली. "काकू, मागं अर्धी बस चष्मा आणि टक्कल आहे." मग त्यानं जवळच्याच एका गृहस्थाला हाक मारली. "काका, ह्या तुमच्या मिसेस का?"

त्या गृहस्थानं मला नीट निरखून बघितलं आणि "नाही" म्हटलं. एवढं निरखून बघायची गरज नव्हती असं मला वाटलं.

तेवढ्यात मागून एक करडी बाही वर आली आणि बाहीच्या टोकाला पास. "अहो, इकडं! पास आहे, पास!" ह्यांना पुढं सरकता येईना. बस म्हणाली, पास पाठवा पुढं. पास हातोहात निघाला. प्रत्येकानं तो वाचला. "काकू झोपल्यात यात," अशी वार्ता पासाच्या आधी माझ्यापर्यंत पोचली.

कंडक्टरनं पास उलटा करून बघितला. "पत्नीनं पासधारकासोबत. पासधारक कुठायत?"

"मागं आहेत की. आत्ताच बघितलेत तुम्ही."

"मागं म्हणजे सोबत नव्हे. सोबत म्हणजे शेजारी."

"मग त्यांना आणा शेजारी."

कंडक्टरनं गर्दीकडं बघितलं आणि नुसता नाकानं श्वास सोडला. अशा वेळी नियम दमतो आणि विषय मिटतो, असा माझा अनुभव. पण पुढच्याच थांब्यावर मागच्या दारातून तपासनीस चढला. त्याच्या समोर पहिले सापडले ते आमचे हे.

"पास?"

"पुढं आहे."

"कुणाकडं?"

"बायकोकडं."

"आणि बायको?"

"पासाकडं," हे म्हणाले. ह्यांना विनोद करायचा नव्हता. पण बस हसली, आणि हसल्यावर तपासनिसाला मागं फिरता येईना. दोघांनाही खाली उतरवलं.

भर फुटपाथवर त्यानं पास एकदा बघितला, एकदा मला बघितलं. चेहरा जुळेना. म्हणाला, "काकू, जरा डोळे मिटा बघू."

मी मिटले. आयुष्यात पुष्कळ ठिकाणी पुष्कळ लोकांनी मला डोळेझाक करायला लावलीय, पण रस्त्यात उभं करून, ओळख पटवायला म्हणून, त्यानंच.

"हां, ह्याच," तो म्हणाला. मग ह्यांनी आपण कुठं नोकरी केली ते सांगितलं. तो जरा वरमला. "काका, सोडलं असतं तुम्हाला. पण पास माणसाजवळच हवा, हा नियम तुमच्याच वेळचा आहे."

"बरोबर आहे तुझं," हे म्हणाले. "पास एकीकडं आणि माणूस एकीकडं, हे चालायचंच नाही." आणि मला म्हणाले, "बघ, किती मन लावून काम करतोय."

मी डोळे उघडायचे की मिटलेलेच ठेवायचे या विचारात होते.

बस हलली आणि माझी पिशवी ओढली गेली. लोकरीचा गुंडा आतच राहिला होता! कुठल्या तरी सीटखाली गडगडत गेला असणार. मी ओरडले. खिडकीतून कुणीतरी "झेला काकू!" म्हणून गुंडा फेकला. तो तपासनिसाच्या छातीवर आपटून गटाराच्या कडेला थांबला. ह्यांनी तो उचलला, झटकला आणि कोटाच्या खिशात घातला. "राहू दे माझ्याकडं," म्हणाले. "तुझ्या हातून निसटतो."

दुपार कलायला लागली होती. धाकटीच्या दारात आता टॅक्सी उभी असेल, सामान चढत असेल. तापातून उठलेले माझे पाय, त्यांना सकाळपासून काय काय दाखवलं होतं.

"टॅक्सी," मी म्हटलं.

"बरं," हे म्हणाले. वाद नाही, वेळापत्रक नाही. नुसतं बरं. त्या बरंचा मला जरा धसकाच बसला.

टॅक्स्या भरून जात होत्या. एक रिकामी थांबली. कुठं जायचं ते आम्ही सांगितलं. टॅक्सीवाला म्हणाला, "म्हणजे पाच रस्त्यांच्या चौकातून? त्या थांब्यावरून? नको हो, मला संध्याकाळपर्यंत घरी जायचंय." आणि गेला. ह्यांनी कोटाचं बटण लावलं, मग सोडलं, मग पुन्हा लावलं.

शेवटी बसच मिळाली, थेट जाणारी आणि चक्क बसायला जागा असलेली. मी उजव्या खिडकीशी, हे शेजारी. सोबत म्हणजे शेजारी. कंडक्टरनं पास बघून मान हलवली आणि निघून गेला. सकाळपासून जे हवं होतं ते मिळालं, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

मी सुया काढल्या आणि बाही विणायला लागले. कशासाठी ते विचारू नका. हात रिकामे ठेवले असते तर रडले असते. ह्यांच्या खिशातून लोकर येत होती. लोकर संपली की हे खिशात हात घालून थोडी सोडत.

"आता जाऊन कुलूप बघायचंय नुसतं," मी म्हटलं.

ह्यांनी पास कोटाच्या वरच्या खिशात ठेवला.

"घ्या तो पास आणि हिंडा जन्मभर. माझं तिकडं आता कुणी उरलेलं नाही."

ह्यांनी लोकर थोडी सोडली.

आणि बस थांबली. कुठं ते बघायला मला मान वर करायची गरज नव्हती. हॉर्नच सांगत होते. बसमध्ये त्या थांब्याची पूजा सुरू झाली. एक नर्स, गणवेशातली, म्हणाली, "रोज माझी ड्यूटी चुकते इथं. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे?" आमच्या पलीकडच्या बाकावर एक जाडजूड गृहस्थ होते, ते म्हणाले, "त्याला इथं आणून बसवला पाहिजे. बस म्हणावं आता, बघ."

हे बसलेच होते. पलीकडच्या खिडकीबाहेर बघत होते. पण बाहेर त्यांचाच थांबा होता, म्हणून मग पायांकडं बघायला लागले.

"चुकलं गं," हे हळूच म्हणाले. "माझं चुकलं."

पास म्हणायचा होता की थांबा, मी विचारलं नाही. ह्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते आणि मला त्याचा काही आनंद झाला नाही. हा माणूस इतकी वर्षं सगळ्या शहराशी एकटा भांडत होता, आणि आज माझ्यापायी हरला होता. मला त्याचं हरणं नको होतं. मला माझी बहीण हवी होती.

तेवढ्यात खिडकीबाहेरून, समोरून येणाऱ्या वाहनांच्या घोळक्यातून, एक ओळखीचा आवाज आला. तो आवाज आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात सगळ्यांच्या वर असायचा.

"कुठल्या शहाण्यानं हा थांबा इथं ठेवलाय!"

हे ताडकन उठले, माझ्या अंगावरून ओणवे झाले आणि खिडकीबाहेर अर्धे जाऊन ओरडले, "मी! मी ठेवलाय!"

समोर टॅक्सी होती. टपावर दोरीनं बांधलेल्या बॅगा. पुढच्या खिडकीतून बाहेर आलेलं डोकं धाकटीच्या नवऱ्याचं. ते डोकं आ वासून बघत राहिलं. "साडूभाऊ?"

मागच्या खिडकीतून धाकटीनं डोकं बाहेर काढलं. "ताई!"

बस आणि टॅक्सीच्या मध्ये एक स्कूटरवाला अडकला होता. त्याच्या डोक्यावरून आम्ही दोघी बोलायला लागलो.

"अगं, ताप उतरला का?"

"उतरला. तू खाल्लंस का काही?"

"कशात खाणार? भांडी कुठायत?"

"कुलूप नीट लावलंस?"

"लावलं. ओढून बघितलं. मग पुन्हा जाऊन ओढून बघितलं."

"गोळ्या वरच्या पर्समध्ये ठेव. सामानात टाकू नकोस."

"वरच आहेत. मला वाटलं तू येत नाहीस आता."

"निघाले होते गं. सकाळीच निघाले होते."

इतकी वर्षं एकमेकींना सगळं सांगून झालेलं, आणि शेवटी काय, तर कुलूप आणि गोळ्या. पण मोठं काही बोलायला घ्यावं तर तोंड वेडंवाकडं होत होतं. तिचंही होत होतं. ती हात पुढं करत होती, मी करत होते, मध्ये स्कूटर.

"हे घे," मी म्हटलं आणि स्वेटर काढला. "बाही राहिलीय."

"सुया काढा काकू, विमानात नेऊ देत नाहीत," मागून नर्स म्हणाली.

"सुया काढल्या की टाके सुटतील," दुसरी कुणी म्हणाली.

"सुटू दे. दे तशीच," धाकटी म्हणाली. "मी करीन पुरी."

मी सुया ओढून काढल्या. स्कूटरवाल्यानं हातमोजे काढले, कपाळाचा घाम शर्टाच्या बाहीला पुसला आणि स्वेटर दोन्ही हातांवर घेऊन असा पोचवला की जणू मूलच द्यायचं होतं. धाकटीनं तो छातीशी धरला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. वाहतुकीचा पोलीस येत होता. त्याचा शिरस्ता ठरलेला होता. आधी बस पुढं काढायची, म्हणजे बाकीचा गुंता आपोआप सुटतो. ड्रायव्हरनं गिअर टाकला. कंडक्टरनं घंटेच्या दोरीला हात घातला.

"थांबा! उतरायचंय!"

मी वळून बघितलं. शेजारी हे नव्हते. दारात होते.

ह्यांनी नोकरीभर एकच हिशोब केला होता, की माणसाला बसमधून उतरायला किती वेळ लागावा. पायरीची उंची किती, दांडा कुठं हवा, म्हातारी माणसं किती धरायची. त्या सगळ्या हिशोबात त्या दिवशी हे बसले नसते. ह्यांनी एक पाय खालच्या पायरीवर ठेवला. थांबले. दांडा धरला. मग तो हात सोडून दुसऱ्या हातानं धरला. मग पाय वर घेतला आणि कंडक्टरला विचारलं, "ही बस कुठं जाते म्हणालात?"

"काका, उतरा तरी नाहीतर चढा तरी!"

"उतरतोय ना." पाय पुन्हा खाली. "माझा चष्मा कुठं राहिला?"

"डोळ्यांवर आहे!"

"हा लांबचा. जवळचा म्हणतोय."

मागून हॉर्नचा कल्लोळ. जाडजूड गृहस्थ उठले आणि दारापाशी जाऊन कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आजोबा, तुम्ही मुद्दाम करताय का हे?"

"हो," ह्यांनी सांगितलं.

त्या गृहस्थांनी ह्यांच्याकडं बघितलं, खिडकीतून बाहेर लोंबणाऱ्या माझ्याकडं बघितलं, पलीकडं टॅक्सीत जांभळा स्वेटर धरून बसलेल्या धाकटीकडं बघितलं. "मग सावकाश उतरा," ते म्हणाले. "घाई करू नका. पडाल."

तेवढ्या वेळात मी धाकटीला काय सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. म्हणजे गुपित आहे म्हणून नव्हे. आईच्या एका कामाची गोष्ट आली, कुणाचं तरी नाक आलं, आम्ही दोघी हसलो आणि स्कूटरवाला उगाच हसला. एवढंच. पण ते झालं.

पोलीस दारापाशी आला तेव्हा ह्यांचे दोन्ही पाय जमिनीवर होते. घंटा वाजली. पण बसच्या आधी टॅक्सीच सुटली. आणि मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की स्वेटरची लोकर अजून ह्यांच्या खिशातच आहे. टॅक्सीतून निघालेला जांभळा धागा स्कूटरवाल्याच्या खांद्यावरून, माझ्या खिडकीतून, जाडजूड गृहस्थांच्या पोटावरून, दारातून थेट ह्यांच्या कोटात गेला होता. टॅक्सी चालली तशी लोकर सुटायला लागली. खिशात गुंडा उड्या मारत होता आणि हे दोन्ही हात वर करून थांब्यावर उभे, कुणीतरी पिस्तूल रोखल्यासारखे. नर्स ओरडली, मान वाकवा, गळ्याला लागेल. बस वाकली. धाकटी मागच्या काचेतून बघत होती, हातात बाहीचं टोक धरून. शेवटी कंडक्टरनं तिकिटं टोचायच्या चिमट्यानं लोकर तोडली. ते टोक माझ्या खिडकीतून सळकन निघून गेलं.

आणि बसही निघाली, मला घेऊन.

"काकू," कंडक्टर म्हणाला, "काका मागं राहिले."

"राहू देत," मी म्हटलं. "नेहमी पुढंच असतात."

त्यानं पास विचारला नाही.

पुढच्या थांब्यावर उतरून मी परत चालत आले. पायांचं काय झालं होतं ते सांगत नाही. धाकटीनं तिकडं जाऊन बाही पुरी केली. जांभळी लोकर मिळाली नाही, म्हणून कोपरापासून पुढं पिवळी. थंडीतल्या तिच्या प्रत्येक फोटोत ती बाही असते. आणि तो थांबा नंतर कुणा हुशार माणसानं पुन्हा शाळेच्या भिंतीपाशी नेला. आता त्या चौकातून गाड्या सुसाट जातात. कुणाला कुणाची तोंडं दिसत नाहीत.

त्या दिवशी मी परत आले तेव्हा हे बाकावर एकटेच बसले होते. कोट काढून मांडीवर घेतला होता, त्यावर उरलेला गुंडा. मी जाऊन शेजारी बसले. हे थोडे सरकले, माझ्याकडं.

"भेटलीस?"

"भेटले."

"नीट?"

"नीट."

ह्यांनी गुंड्याचं सुटलेलं टोक गुंडाळून आत खोचलं. मग हे म्हणाले, "बस एवढा वेळ थांबवायला नको होती. नियमात बसत नाही."

"नाही बसत," मी म्हटलं.

पुढची बस येईपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो. ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. बाक कुणी कसा बसवलाय, याबद्दल मी त्या दिवशी काही बोलले नाही.